सायकलीबरोबर रेडियमही
(सोलापूरजवळच्या पारधी वस्तीवर पालक मेळाव्यात केलेले भाषण)

आयांनो, बाबांनो आणि पुढे चटईवर बसलेल्या पोरांनो,

दोन वर्षांपूर्वी याच अंगणात आपण सायकली वाटल्या. हार घातले, फोटो काढले. रस्त्यावर सायकल कशी चालवायची हे मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. मागच्या हिवाळ्यात आपली एक मुलगी संध्याकाळी शाळेतून येताना कारचा धक्का लागून पडली. तिचा पाय बरा झाला, पण तिच्यासोबत जाणाऱ्या तिघींची शाळा घरच्यांनी बंद केली. चूक माझी होती. म्हणून आज बोलायला उभा राहिलो.

ती उलट्या बाजूनं येत होती. का, असं विचारलं तर म्हणाली, "गुरुजी, समोरनं गाडी दिसली की भीती वाटत नाही." पायी चालणाऱ्याला हे लागू आहे, सायकलवाल्याला नाही. हिशोब करा. तुमची सायकल ताशी १५ किलोमीटर, कार ६०. डाव्या कडेनं एकाच दिशेला जात असाल तर कार ४५ च्या वेगानं तुमच्याजवळ येते. समोरासमोर आलात तर ७५ च्या. शिवाय गावच्या रस्त्यावरून हमरस्त्याला लागणारा ड्रायव्हर उजवीकडे बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. तुम्ही डावीकडून आलात तर त्याच्या ध्यानातही येत नाही.

मला ठाऊक आहे, पुणे-हैदराबाद हायवेवर दुभाजकातली मोकळी जागा लांब असते, तेवढा फेरा कोण घेणार? मग सायकलीवरून उतरा आणि कडेच्या मातीतून ती हातात धरून चाला. पाच मिनिटं जास्त लागतील.

आता गळीत हंगाम येतोय. उसाच्या ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, मोळ्या बाहेर आलेल्या, वर टेप मोठ्यानं लावलेला. तुमची घंटी त्याला ऐकू येत नाही, मागचं काही दिसत नाही. वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूला दाबत येते. म्हणून कडेची फट बघून पुढे घुसू नका. ट्रकचंही तेच. आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आणि ट्रॉलीला धरून फुकट ओढत जाणारे कोण आहेत, ते मला माहीत आहे. आज नावं घेत नाही.

पालकांनो, एक तुमच्यासाठी. ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमातींचा कायदा गेला, तरी पारध्याचं पोर नव्या सायकलीवर दिसलं की अजून कुणीतरी विचारतंच, "कुठनं आणली?" त्या भीतीनं काही पोरं अंधार पडल्यावर निघतात, बिनदिव्याची. तसं करू नका. प्रत्येक सायकलीची पावती मी प्लास्टिकमध्ये घालून आणलीय, ती दप्तरात ठेवा. पोरं उजेडात निघू द्या. अपघात झाला तर पळू नका, १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही, असा कायदा आहे.

जेवणानंतर सायकली झाडाखाली आणा. मागच्या मडगार्डला लाल आणि पुढं पांढरं रेडियम चिकटवू, ब्रेक तपासू. ज्या तीन घरांनी मुलींची शाळा थांबवलीय, त्यांच्या सायकली मी आधी घेणार आहे. त्या गंजल्यात, तेल सोबत आणलंय.