कीडनाश आणि घरातील मुके प्राणी

पावसाळा सरत आला आणि दिवाळीची चाहूल लागली, की घरोघरी साफसफाईला आरंभ होतो. माळ्यावरची भांडी खाली उतरतात, गाद्या उन्हात पडतात आणि त्याच ओघात झुरळे, ढेकूण, वाळवी व उंदीर यांच्याविरुद्धही मोहीम उघडली जाते. इंदूर, बडोदे, बेळगाव येथील जुन्या लाकडी वाड्यांतून तर ती टाळून चालतच नाही. औषध फवारण्यापूर्वी धान्याचे डबे झाकले जातात, देव्हाऱ्यावर वस्त्र पडते, लहान मुलांना शेजारी पाठविले जाते. परंतु उंबरठ्यावर पडून राहिलेला कुत्रा आणि ओट्याखाली निजलेली मांजर यांची व्यवस्था काय, हा प्रश्न पुष्कळदा कोणाच्या मनात येत नाही.

वस्तुतः धोका त्यांनाच अधिक असतो. माणूस पायांत वहाणा घालतो, जेवण्यापूर्वी हात धुतो आणि वास उग्र वाटला तर बाहेर जाऊन बसतो. मुका प्राणी जमिनीलगत वावरतो, जमिनीवरच निजतो, आणि पंजाला किंवा केसांना जे लागेल ते जिभेने चाटून काढतो. फरशीवर सांडलेले औषध अशा रीतीने थेट त्याच्या पोटात जाते.

मांजराच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गंभीर आहे. शेवंतीच्या जातीच्या एका फुलापासून पायरेथ्रम नावाचे कीटकनाशक निघते. त्याच्याच धर्तीवर तयार केलेली पर्मेथ्रिनसारखी कृत्रिम द्रव्ये आज घरोघरी वापरली जातात. माणसाचे व कुत्र्याचे यकृत अशी द्रव्ये फोडून शरीराबाहेर टाकू शकते. मांजराच्या यकृताला ही शक्ती फारच थोडी लाभलेली आहे. म्हणून कुत्र्याच्या पाठीवर गोचिडांसाठी घालावयाचे पर्मेथ्रिनचे औषध 'थोडेसेच' म्हणून मांजरीला लावले, तर तिच्या अंगाला कंप सुटतो, झटके येतात आणि वेळीच उपचार न झाल्यास ती दगावते. येथे हेतू मायेचा असतो. तथापि माया आणि माहिती यांची जोडी असावी लागते.

मासे व पक्षी यांची प्रकृती याहूनही नाजूक. काचेच्या पेटीत हवा सोडणारा पंप खोलीतील फवारलेली हवा ओढून पाण्यात मिसळतो, आणि ही द्रव्ये माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरतात. शक्य असल्यास पेटी दुसरीकडे हलवावी. ते न जमल्यास फवारणीपुरता पंप बंद करून पेटी नीट झाकावी. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. त्यामुळे दूषित हवेचा परिणाम त्यांच्यावर त्वरित होतो. पिंजरा घराबाहेर नेणे हाच त्यावर उपाय. परसात कोंबड्या असतील, तर मेलेली झुरळे त्यांनी टिपण्यापूर्वीच झाडून काढावीत.

उंदरांच्या विषाची गोष्ट निराळी आहे. १९२० च्या सुमारास अमेरिका व कॅनडा येथे बुरशी धरलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातील द्रव्याच्या शोधातून पुढे वॉर्फरिन हे औषध निघाले आणि १९४८ मध्ये ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. आज मिळणाऱ्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या त्याच कुळातील, पण अधिक तीव्र आहेत. रक्त गोठण्याची क्रियाच त्या बंद पाडतात.

समजा, कोठीत ठेवलेली अशी एक वडी घरच्या मोत्याने खाल्ली. त्या दिवशी तो नेहमीसारखाच खेळतो. दुसऱ्या दिवशीही त्याला काही होत नाही. घरची मंडळी निर्धास्त होतात. तीन ते पाच दिवसांनी तो मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, दम लागतो, कधी नाकातून रक्त येते. खरा घात त्या निर्धास्त दिवसांतच झालेला असतो. कारण या विषावर 'के' जीवनसत्त्वाचा हमखास उतारा आहे, आणि तो लवकर सुरू करून काही आठवडे चालू ठेवला तर प्राणी बहुधा वाचतो. यास्तव वडी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्याकडे धाव घ्यावी.

काळसर भुकटीच्या रूपात मिळणाऱ्या झिंक फॉस्फाइडला मात्र असा उतारा नाही. पोटातील आम्लाशी संयोग होऊन त्यातून विषारी वायू निघतो. असे विष पोटात गेलेल्या प्राण्याला घरी दूध, भाकरी किंवा मिठाचे पाणी पाजू नये. त्याला उघड्या हवेतून न्यावे, कारण त्याच्या वांतीतून निघणारा वायू माणसालाही अपायकारक असतो. कुत्री-मांजरे असलेल्या घरात हे विष आणूच नये, हे उत्तम.

भारतात कीटकनाशकांचा कायदा १९६८ मध्ये झाला. त्याखालील नियमांनुसार प्रत्येक वेष्टनावर रंगीत खूण असते: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळी, मग निळी आणि शेवटी हिरवी. फवारणारा माणूस दारी आला, की घरात कोणते प्राणी आहेत हे त्याला आधी सांगावे आणि औषधाचे नाव कागदावर लिहून घ्यावे. प्रसंग ओढवलाच, तर तो कागद व वेष्टन पशुवैद्याच्या फार उपयोगी पडते. प्राण्यांची ताटल्या-भांडी व अंथरूण आधीच बाहेर काढावे. औषध पूर्ण वाळून, दारे-खिडक्या उघडून हवा खेळल्यावाचून, आणि वेष्टनावर सांगितलेली मुदत संपल्यावाचून, प्राण्यांना आत घेऊ नये. झुरळांसाठी सर्वत्र फवारण्याऐवजी फटींत जेलचे ठिपके लावले, तर विष पुष्कळ कमी पसरते. उंदरांसाठी बिळे बुजविणे, अन्न झाकणे आणि पिंजरा लावणे हे जुने मार्ग आजही निकामी झालेले नाहीत.

माणसाने मांजर घरात आणली ती मुळात उंदरांसाठी, आणि कुत्रा दाराशी ठेवला तो राखणीसाठी. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घर राखले, त्यांनाच घर स्वच्छ करण्याच्या भरात गमवावे लागावे, यासारखे दुर्दैव नाही. वेष्टनावरचा मजकूर त्यांना वाचता येत नाही. तो त्यांच्यासाठी वाचणे, एवढेच त्यांचे घरच्या माणसांपाशी मागणे आहे.