घडी पडलेला खडक



कामगार संघटनेचा माणूस दगडांवर काय बोलणार, अशी शंका कार्यक्रमपत्रिका वाचून काहींना आली असेल. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले आणि खाणीच्या तोंडाशी बरेच. भूगर्भशास्त्राची पुस्तके आम्ही मजुरीचे तंटे लढवता लढवता, गरजेपोटी वाचली. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आपल्या या बेव्हर्ली पार्कच्या आसपास खाडी आणि मिठागरे. चिखलाखाली खडक लागतो तो लाव्हारसाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपणांस तो जुनापुराणा वाटतो, पण महाराष्ट्राच्या हिशेबात ते कालचे पोर! कोयनेचे भूकंप अभ्यासण्यासाठी २०१६-१७ साली तेथे तीन किलोमीटर खोल विवर पाडले. सुमारे सव्वा किलोमीटर काळा खडक ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइटाच्या जातीचा, पट्टे पडलेला खडक लागला. तो अडीचशे कोटी वर्षांच्या पलीकडचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जे हादरले, त्याचा पाया हा.

असे जुने खडक उघड्यावर पाहायचे तर नागपूर-भंडाऱ्याकडे गेले पाहिजे. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही मँगनीजच्या खाणींची गावे. भाईंदरच्या कारखान्यांत ज्या पोलादाची भांडी होतात, त्या पोलादाला मँगनीज लागते, एवढे सांगितले म्हणजे हा विषय आपल्या घरचा आहे हे पटेल. फर्मोर नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९०९ साली या धातुकांवर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तेथल्या तामडा व गार यांच्या खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असे नाव दिले. नाव गोंडांचे, नफा मात्र दुसऱ्यांचा; असो.

हे थर मुळात समुद्राच्या तळचा गाळ. वाळू, चिकणमाती, चुना आणि मधूनच मँगनीजचा चिखल. तो खोल गाडला गेला, तापला, दबला. वाळूचा क्वॉर्टझाइट झाला, चुन्याचा संगमरवर, चिकणमातीचा अभ्रकाने चमकणारा पापुद्र्यांचा सुभाजा. आणि शंभर कोटी वर्षांच्या आसपास दोन्ही बाजूंनी असा दाब आला, की त्या थरांना घड्या पडल्या. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. गोधडी घडी घालून ठेवावी, आणि ती घडीच पुन्हा दुमडावी, तसे. देवलापारजवळ तर काही थर आडवे लोटले जाऊन दुसऱ्या थरांवर चढले आहेत, असे वेस्ट यांनी १९३६ साली मांडले.

आता घडीचा गुण पाहा. ओली कणीक दाबली तर वाकाशी ती जमते आणि बाजूंना ताणून पातळ होते. खोलवर तापलेला थर तसाच वागतो. वाकाशी धातुक जाड, बाजूंना बारीक. एका खाणीत, तिचे नाव घेण्याचे कारण नाही, उक्त्यावर काम चाले. धातुकाच्या टबामागे दर. एका टोळीचे टब भरत, दुसरीचे भरत नसत, आणि मुकादम दुसऱ्या टोळीला कामचुकार म्हणे. आम्ही नकाशा मागितला. पहिली टोळी वाकात होती, दुसरी बाजूच्या पातळ पट्टीत. एक टब धातुकासाठी तिला किती तरी निकामी दगड फोडावा लागे. वाद चार महिने चालला. शेवटी निकामी दगडालाही दर मिळाला. शंभर कोटी वर्षांपूर्वीचा दाब त्या बायाबापड्यांच्या हजेरीपटात उतरला होता, हे त्या दिवशी आम्हांला दिसले.

पैशाहून मोठी गोष्ट जिवाची. सुभाजाचे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. वाकाजवळ ते एका दिशेला राहत नाहीत, पहिल्या घडीचे पापुद्रे दुसऱ्या घडीने पुन्हा मोडलेले असतात, म्हणून छताची लादी न सांगता निखळते. जुना खाणकामगार आत शिरताच सब्बलीने छत ठोकतो. घट्ट खडक खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. हे ज्ञान पुस्तकातले नव्हे. पण तो बद्द आवाज कोठे अधिक येईल, हे मात्र घडीचे ज्ञान सांगते.

आणि घडी ओळखायला साहेबाचाच नकाशा लागतो असेही नाही. मोठ्या घडीबरोबर दगडात बोटभर मुरडीही पडतात. त्या एका बाजूला कललेल्या असतील तर आपण घडीच्या कडेला आहोत, आणि कल पाहून वाक कोणत्या बाजूला तेही सांगता येते. दोन्ही बाजूंना सारख्या असतील तर वाकातच उभे आहोत. हे आम्ही अक्षरशत्रू कामगारांना कंदिलाच्या उजेडात शिकवले, आणि त्यांना ते आमच्याहून लवकर कळले.

असाच मुरडी पडलेला एक तुकडा टेबलावर ठेवला आहे. तो हातात घ्या, उजेडाकडे तिरपा धरा आणि मुरडी कोणत्या बाजूला कलल्या आहेत ते पाहा. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, तेवढे जपून.