महागाई घराघरांची
(मंडळाच्या वर्धापनदिनी सानगडी येथे दिलेले भाषण)



महागाई म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास दिल्लीहून महागाईचा जो आकडा जाहीर होतो, तो ऐकून पुष्कळ भगिनी विचारतात, "हा आकडा कोणाच्या घरचा?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी आज सोप्या हिशेबाने मांडणार आहे.

हा आकडा काढण्यासाठी सरकार आधी कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करते. लोक कशावर किती खर्च करतात ते पाहून एक टोपली ठरते आणि तिच्यातील प्रत्येक जिनसाला त्या खर्चाच्या प्रमाणात वजन मिळते. मग दरमहा भाव टिपले जातात. २०१२ हे वर्ष पायाभूत धरलेल्या मालिकेसाठी ११८१ खेड्यांतून आणि १११४ शहरी बाजारांतून भाव घेतले जात. त्या मालिकेत खेड्यांच्या टोपलीत खाण्यापिण्याला शंभरात सुमारे ५४ भाग होते, तर शहरांच्या टोपलीत सुमारे ३६. म्हणजे खेड्याची टोपली निराळी हे सरकारनेही मानले. पण एकाच खेड्यातल्या दोन घरांचे काय?

समजा, एका मजूर कुटुंबाचा महिन्याचा खर्च १०,००० रुपये आहे. त्यांतील ६,००० खाण्यावर जातात. दुसऱ्या घरचा खर्च ४०,०००. त्यांतील १२,००० खाण्यावर. वर्षात खाण्याच्या वस्तू शेकडा १० महागल्या आणि बाकीच्या शेकडा २. पहिल्या घराचा खर्च ६८० रुपयांनी वाढला, म्हणजे शेकडा ६.८. दुसऱ्याचा १,७६० रुपयांनी, म्हणजे शेकडा ४.४. आता दोन्ही घरांचा खर्च एकत्र करून हिशेब केला, तर महागाई येते शेकडा ४.८८. दोन्ही घरांना सारखा मान देऊन सरासरी काढली, तर येते ५.६.

सरकारी आकडा पहिल्या रीतीने निघतो. त्यात घरे मोजली जात नाहीत, रुपये मोजले जातात. ज्याचा खर्च मोठा, त्याचा आवाज मोठा. यात कोणाची लबाडी नाही. देशाचा एकूण खर्च किती महागला हे जाणण्यास ती रीत बरोबरच आहे. मात्र गरिबाची चूल किती महागली, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

हे अंतर लहान नाही. २०२३-२४ च्या खर्च-पाहणीत खेड्यांतील सर्वांत खालच्या शेकडा ५ लोकांचा माणशी मासिक खर्च सरासरी १,६७७ रुपये आढळला, तर सर्वांत वरच्या शेकडा ५ लोकांचा १०,१३७ रुपये.

मात्र गरिबाची महागाई नेहमीच जास्त असते, असेही समजू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकूण महागाई शेकडा ६.२१ होती आणि खाद्यपदार्थांची १०.८७. तेव्हा घाव गरिबावर बसला. पुढच्या ऑक्टोबरात, २०२५ साली, खाद्यपदार्थ आदल्या वर्षापेक्षा शेकडा ५.०२ स्वस्त झाले आणि एकूण आकडा ०.२५ वर आला. सोने मात्र त्या वर्षी कडाडले, आणि सोने कोणत्या घरी घेतले जाते हे आपण जाणतोच.

आपल्या भागात आणखी एक भेद आहे. ज्यांच्या घरी बांधीचे धान येते, त्यांना तांदळाची भाववाढ जाचत नाही. विकणाऱ्याला ती हवीच असते. रोवणीला जाणाऱ्या भूमिहीन बाईला रेशनचे मोफत धान्य मिळते, हा मोठा आधार आहे. पण डाळ, तेल, मिरची, भाजी बाजारातूनच आणावी लागते. तीही रोजच्या मजुरीतून थोडी थोडी, आणि पावशेराचा भाव पाच किलोंच्या भावाने कधी पडत नाही.

कोणी म्हणेल, आकड्यांशी बायकांना काय करायचे? भगिनींनो, आकड्यावर मजुरी ठरते. १९६३ साली मुंबईच्या कामगारांची तक्रार होती की निर्देशांक खऱ्या महागाईपेक्षा कमी दाखवतो आणि त्यामुळे महागाईभत्ता बुडतो. २० ऑगस्टला मुंबई बंद पडली. लकडावाला समितीने तो निर्देशांक तपासला आणि त्यात दुरुस्ती सुचवली. १९७२ साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर प्रभृतींच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणी घेऊन मोर्चे काढले. रोजगार हमीच्या मजुरीचे दरही वर्षानुवर्षे शेतमजुरांच्या निर्देशांकाला जोडून ठरत आले. १९८६-८७ पाया असलेल्या त्या निर्देशांकात खाद्यपदार्थांना शंभरात सुमारे ६९ भाग होते. मजुरासाठी वेगळी टोपली हवी, हे त्यात मान्यच आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाने एक वही घालावी. मजुरीचे, लहान शेतीचे, दुकानाचे, नोकरीचे आणि एकट्या बाईचे अशी पाच घरे निवडावीत. नावे लिहू नयेत. त्यांचा महिन्याचा खर्च जिनसवार मांडावा आणि त्याच वस्तूंचे भाव दरमहा एकाच आठवडी बाजारात, एकाच मापाने टिपावेत. वर्षाअखेर प्रत्येक घराची महागाई काढावी. गणित सातवीच्या मुलीला येईल इतके सोपे आहे.

याचा उपयोग असा की, मजुरी वाढवून मागताना "फार महाग झाले हो" एवढेच न म्हणता, किती आणि कशाने, हे सांगता येईल. महागाईची पहिली कात्री घरातल्या बाईच्या ताटाला लागते. ती डाळीत पाणी वाढवते आणि स्वतः शेवटी जेवते. तिच्या ताटातले कमी झालेले कोणत्याच निर्देशांकात दिसत नाही. निदान आपल्या वहीत तरी ते दिसावे.