सर्व हक्क कोणाच्या स्वाधीन?

कोणतेंहि मराठी पुस्तक उघडून मुखपृष्ठ उलटलें, कीं प्रकाशकाचें नांव, आवृत्ति आणि किंमत यांच्या शेजारीं बहुधा तीन शब्द छापलेले दिसतात : 'सर्व हक्क स्वाधीन'. वाचक त्यांच्याकडे पाहत नाहीं; लेखकहि पुस्तक हातीं आल्याच्या आनंदांत ते न वाचतांच पान उलटतो. परंतु ग्रंथव्यवहारांतील सर्वांत नाजूक प्रश्न याच तीन शब्दांत दडलेला आहे. हक्क स्वाधीन खरे. पण ते कोणाच्या स्वाधीन? किती वर्षें? आणि त्या हक्कांच्या कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या वाचकासाठीं एखादें दार ठेवलेलें आहे कीं नाहीं? कॉपीराइटच्या कायद्यांत फेरफार करण्याचा विचार जेव्हां जेव्हां निघतो, तेव्हां तेव्हां या तीन प्रश्नांचीं उत्तरें मागितलीं पाहिजेत. डिसेंबर २०२५ मध्यें असाच एक प्रस्ताव केंद्र सरकारच्या समितीनें लोकांपुढें ठेवला. त्याचा विचार करण्यापूर्वीं हा हक्क म्हणजे काय आणि मागील दुरुस्त्यांनीं कोणाच्या पदरांत काय टाकलें, हें पाहणें इष्ट ठरेल.

प्रथम हक्काचें स्वरूप. कायदा लेखकाला विचारांचा मक्ता देत नाहीं. विचार ज्या शब्दांत मांडला त्या शब्दरचनेचा मक्ता देतो, आणि तोहि मुदतीचा. ज्ञानेश्वरी कोणीहि छापावी; मात्र तिच्यावर एखाद्या हयात अभ्यासकानें लिहिलेलें विवरण त्याच्या परवानगीवांचून छापतां येत नाहीं. शिवछत्रपतींच्या चरित्रांतील घटना कोणाच्याहि मालकीच्या नाहींत. त्यांवर रचलेली कादंबरी मात्र कादंबरीकाराची. घर, शेत, दागिना हीं पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात. ग्रंथावरील हक्क हा वंशपरंपरेचें वतन नसून मुदतीनें दिलेला पट्टा आहे. मुदत संपली कीं ग्रंथ साऱ्या समाजाचा होतो. लेखकाच्या श्रमाचा मोबदला म्हणून समाजानें कांहीं काळ स्वतःवर बंधन घालून घ्यावें आणि तो काळ सरल्यावर ठेवा आपल्या घरीं न्यावा, असा हा करार आहे.

हा करार प्रथम इंग्लंडांत १७१० सालीं कायद्यांत उतरला. त्या वेळीं नव्या ग्रंथाची मुदत होती १४ वर्षें, आणि ती संपतांना लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षें. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांना एवढ्यानें समाधान नव्हतें. लेखकाकडून एकदां विकत घेतलेला हक्क कायमचाच असला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता; तो १७७४ सालीं उमराव सभेनें न्यायासनावरून फेटाळून लावला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. अनंत काळचा हक्क मागण्यास न्यायालयांत उभे राहिले ते ग्रंथकार नव्हते, ग्रंथांचे व्यापारी होते. आणि मागणी मात्र लेखकाच्या नैसर्गिक हक्काच्या नांवानें चालली होती.

पुढें १८४१ सालीं टालफर्ड या सभासदानें लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें हक्क चालावा असें विधेयक ब्रिटिश पार्लमेंटांत आणलें. त्याला विरोध केला मेकॉलेनें. महाराष्ट्राला मेकॉले ठाऊक आहे तो १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळें, आणि तो त्याला प्रिय नाहीं. परंतु या प्रसंगीं तो बोलला तें आजहि विचारांत घेण्यासारखें आहे. कॉपीराइट हा लेखकांना बक्षीस देण्यासाठीं वाचकांवर बसविलेला कर आहे. तो आवश्यक आहे म्हणून सोसावा, पण गरजेपेक्षां एक दिवसहि अधिक लांबवूं नये, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय. मृत्यूनंतर पन्नास-साठ वर्षांनीं मिळणाऱ्या पैशाच्या आशेनें कोणी लेखक लेखणी उचलीत नाहीं. तोंवर हक्क बहुधा एखाद्या पुस्तकविक्रेत्याकडे गेलेला असतो. आणि वारसाकडे राहिला असेल, तर त्याला न आवडणारा ग्रंथ तो छापूंच देणार नाहीं, अशीहि भीति आहे. तें विधेयक त्या वेळीं बारगळलें. १८४२ च्या कायद्यानें प्रकाशनापासून ४२ वर्षें किंवा लेखकाच्या मृत्यूनंतर ७ वर्षें, यांपैकीं जें अधिक तें मान्य केलें. आणि तीच मुदत ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानींत १८४७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांत आली.

त्यानंतर मुदत वाढतच गेली. १९१४ च्या कायद्यानें ती मृत्यूनंतर ५० वर्षें झाली. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यानें तीच कायम ठेवली. बालकवि १९१८ सालीं वारले. हरि नारायण आपटे व राम गणेश गडकरी १९१९ सालीं. त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झालेलें साहित्य १९७० साल उजाडेपर्यंत सर्वांना मोकळें झालें. नंतर रवींद्रनाथ टागोरांचा प्रश्न आला. ते १९४१ सालीं निवर्तले. त्यांच्या साहित्याचे हक्क विश्वभारतीकडे होते आणि ते १९९१ च्या अखेरीस संपणार होते. वर्ष सरतां सरतां वटहुकूम निघाला, १९९२ सालीं त्याचा कायदा झाला, आणि मुदत ५० ची ६० वर्षें झाली. ज्या ६० वर्षांना लंडनमध्यें १८४१ सालीं नकार मिळाला, तींच दीडशें वर्षांनीं दिल्लींत मंजूर झालीं!

विश्वभारती ही कवीनें स्वतः उभारलेली संस्था. तिच्याविषयीं कोणालाहि आदरच वाटेल. परंतु कायदा एका कवीसाठीं लिहितां येत नाहीं; तो सर्वांना लागू होतो. साने गुरुजी १९५० सालीं गेले. जुन्या मुदतीप्रमाणें त्यांचीं पुस्तकें २००१ च्या आरंभीं मोकळीं झालीं असतीं. तीं झालीं २०११ च्या आरंभीं. 'श्यामची आई' लिहिणाऱ्या लेखणीला या वाढीव दहा वर्षांनीं आणखी एक ओळ लिहिण्याचें उत्तेजन दिलें असें म्हणतां येणार नाहीं. ती लेखणी ४० वर्षांपूर्वींच थांबलेली होती. मुदतवाढीचा लाभ लेखकाला होत नाहीं. त्या घडीला ज्याच्या हातीं कागद असेल त्याला होतो, आणि त्याची किंमत वाचक देतो.

मग निर्मात्याचें खरें हित कशांत आहे? याचें उत्तर चित्रपटगीतांच्या इतिहासांत सांपडतें. गीत लिहितो कवि, चाल लावतो संगीतकार. पण १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं मोबदला घेऊन चित्रपटासाठीं केलेल्या गीतसंगीताचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, चित्रपटाचा निर्माताच होय. कायद्याचे शब्द पाहतां निर्णय तसाच होणें भाग होतें. परिणाम असा झाला, कीं रेडिओवर, ध्वनिमुद्रिकेवर, लग्नाच्या मांडवांत गाणें वर्षानुवर्षें वाजत राही आणि तें रचणाऱ्याला पहिल्या एकरकमी बिदागीपलीकडे कांहीं मिळेलच याची शाश्वति नसे. करारानें हक्क राखून ठेवण्याची मुभा होती. पण उमेदवारी करणारा कवि निर्मात्याशीं अटी घालूं लागला, तर काम दुसऱ्याला जात असे. दुबळ्याला दिलेलें करारस्वातंत्र्य हें पुष्कळदां सही करण्याचें स्वातंत्र्य असतें!

ही कोंडी २०१२ च्या दुरुस्तीनें फोडली. राज्यसभेचे सभासद असलेले गीतकार जावेद अख्तर यांनीं तिच्यासाठीं मोठा पाठपुरावा केला. या दुरुस्तीनें ग्रंथांची वा गीतांची मुदत एका दिवसानेंहि वाढविली नाहीं. तिनें एवढेंच ठरविलें, कीं चित्रपटगृहांतील खेळाव्यतिरिक्त गीताचा अन्यत्र जो उपयोग होईल, त्याच्या स्वामित्वधनांत कवि व संगीतकार यांचा समान वांटा राहील. आणि हा वांटा वारस किंवा कलावंतांची हक्कसंस्था यांच्यावांचून दुसऱ्या कोणाला लिहून देतां येणार नाहीं. म्हणजे दिलाच, तरी तो देणें कायद्याला मान्य नाहीं. तिनें आणखी एक तरतूद केली : करार झाला त्या वेळीं जें माध्यम अस्तित्वांतच नव्हतें, त्याचा हक्क, स्पष्ट उल्लेख नसल्यास, त्या कराराबरोबर जात नाहीं. ही तरतूद नुसत्या चित्रपटांपुरती नाहीं. त्याखेरीज, हक्क लिहून देतांना मुदत घातली नसेल तर ती पांच वर्षांची समजावी, हा नियम कायद्यांत आधींपासूनच आहे. किती मराठी लेखकांना तो माहीत असेल? 'सर्व हक्क कायमचे दिले' या ओळीखालीं सही करण्यापूर्वीं तो माहीत असणें जरूर आहे.

आतां वाचकाचें दार. स्वतःच्या अभ्यासासाठीं, टीकेसाठीं किंवा परीक्षणासाठीं ग्रंथाचा वाजवी उपयोग करण्यास कायद्याची मुभा आहे. भारतांत विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रति सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या उपयोगासाठीं करतां येतात. गांवोगांवच्या जुन्या वाचनालयांतील जीर्ण पुस्तकें वांचविण्यास ही तरतूद मोलाची आहे. २०१२ सालीं तीन मोठ्या विदेशी प्रकाशनसंस्थांनीं दिल्ली विद्यापीठाच्या आवारांतील झेरॉक्सच्या दुकानावर फिर्याद केली. अभ्यासक्रमांतील उताऱ्यांचे संच तेथें विद्यार्थ्यांना काढून मिळत असत. २०१६ सालीं दिल्ली उच्च न्यायालयानें शिक्षणाच्या कामापुरती अशी नक्कल कायद्याला धरून आहे हें तत्त्व मान्य केलें, आणि २०१७ सालीं फिर्यादींनीं दावा काढून घेतला. सर्वांत समाधानाची गोष्ट अंधांविषयींची. २०१२ च्या दुरुस्तीनें अंध व अपंग वाचकांसाठीं ग्रंथ ब्रेलमध्यें, ध्वनींत किंवा अन्य सुगम रूपांत आणण्याची वाट मोकळी केली. आणि याच विषयावरील मराकेश येथील २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१४ सालीं सर्वांआधीं संमति देणारा देश भारत ठरला. असें दार उघडल्यानें कोणा लेखकाची चूल विझत नाहीं. ज्याला छापील पान वाचतांच येत नाहीं, तो छापील पुस्तकाचें गिऱ्हाईक कधींच नव्हता.

या पार्श्वभूमीवर २०२५ चा प्रस्ताव तपासला पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें कोट्यवधि पानें गिळून भाषा शिकतात. त्या पानांत कवींच्या कविता आहेत, वृत्तपत्रांचे लेख आहेत, गाण्यांच्या चाली आहेत. जपानानें २०१८ च्या दुरुस्तीनें अशा उपयोगाला पुष्कळ मोकळीक दिली; युरोपांतील राष्ट्रसंघानें २०१९ सालीं मुभा दिली, पण व्यापारी उपयोगाला नकार देण्याचा अधिकार मालकाकडे ठेवला. भारताच्या समितीनें तिसरी वाट सुचविली : यंत्र बनविणाऱ्यांना रीतसर उपलब्ध असलेलें साहित्य वापरण्याचा सरसकट परवाना असावा, मालकांना नकार देतां येऊं नये, मात्र उत्पन्नांतून ठराविक स्वामित्वधन एका मध्यवर्ती संस्थेमार्फत त्यांना मिळावें.

प्रस्तावांत ग्राह्य भाग आहे. मराठी मजकूर यंत्राला वर्ज्य झाला, तर उद्यांच्या यंत्राला मराठी मोडकीतोडकीच येईल आणि तोटा मराठी घरांचाच होईल. फुकट मुभा दिली, तर ज्याच्या श्रमावर यंत्र शहाणें झालें त्याच्या हातीं कांहींच पडणार नाहीं. तेव्हां वापर व्हावा आणि मोल मिळावें, हा विचार न्यायाचा दिसतो. परंतु नकार देण्याचा हक्क ही लहान गोष्ट नव्हे. तो काढून घ्यावयाचा, तर त्याच्या बदल्यांत मिळणारें धन निश्चितपणें निर्मात्याच्या घरीं पोंचलें पाहिजे. येथेंच १९७७ आणि २०१२ हीं सालें आठवावींत. पैसा 'हक्काच्या मालकाला' एवढेंच लिहून कायदा थांबला, तर तो ज्याच्या कपाटांत करारपत्र आहे त्याच्याकडे जाईल, आणि तालुक्याच्या गांवीं बसून कथा लिहिणारा लेखक पुन्हां दाराबाहेर राहील. म्हणून या धनांतहि लेखकाचा न विकतां येणारा वांटा असावा. तो मागण्याची रीत मराठींत आणि साध्या अर्जानें असावी. आणि हिशेब दरवर्षीं प्रसिद्ध व्हावा. दुसरें असें, कीं मुदत संपलेल्या साहित्यावर कोणीहि कर वसूल करूं नये. तुकोबांच्या गाथेवर, हरिभाऊंच्या कादंबऱ्यांवर कोणाचीहि मालकी उरलेली नाहीं. मध्यवर्ती तिजोरीच्या निमित्तानें ती मागल्या दारानें परत येतां कामा नये. कारण अखेरीस प्रत्येक कर गिऱ्हाइकाच्या बिलावरच चढतो.

लेखक आणि वाचक हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी आहेत असें समजून कायदा करणें ही मूळचीच चूक आहे. लेखकाला वाचक हवा असतो आणि वाचकाला पुढचें पुस्तक हवें असतें. दोघांच्यामध्यें उभे असणारे व्यापारीहि अनावश्यक नाहींत. कागद, छपाई आणि जोखीम त्यांचीच असते. परंतु दोघांच्या नांवानें मागितलेली सवलत दोघांपर्यंत पोंचते कीं मधेंच मुरते, हें पाहण्याची जबाबदारी कायदेमंडळाची, आणि कायदेमंडळाला जाब विचारण्याची जबाबदारी सुशिक्षित घरांची आहे. मुदत आंखूड असो वा लांब, ज्यानें लिहिलें त्याचा वांटा त्याच्या हातून सुटूं नये आणि ज्याला शिकावयाचें आहे त्याच्यापुढें दार बंद होऊं नये. एवढें साधलें, तर पुस्तकाच्या पानावरील ते तीन शब्द लेखकानेंहि अभिमानानें वाचावे आणि वाचकानेंहि निर्धास्तपणें.