गळणारं ऑइल आणि आपली जीप

(कार्यकर्ते, वाहनचालक आणि वसतिगृहातील मोठ्या मुलांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला आज गाडीच्या निगेवर बोलायला सांगितलं आहे. धर्मशास्त्राच्या पदविकेत डिपस्टिक कशी पाहावी हे शिकवत नाहीत, त्यामुळे हे ज्ञान तिथलं नाही. माझे वडील गावच्या पिठाच्या गिरणीत ऑइल इंजिनावर कामाला होते. दहा वर्षांचा असल्यापासून मी त्यांना पाने काढून द्यायचो. आज जे सांगणार आहे त्यातलं निम्मं त्यांचं आहे, आणि उरलेलं आपल्या चालक मामांचं.

गेलं दीड वर्ष आपली जीप ऑइल गाळत होती हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. आठवड्याला अर्धा लिटर वरून ओतावं लागे. तालुक्याच्या गॅरेजमध्ये टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं, पुढचं ऑइल सील एकदा बदललं. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरे जायचे आणि पुन्हा इंजिनाची बाजू काळी. तिसऱ्या वेळी सांगितलं की हाफ इंजिन खोलावं लागेल, खर्च पन्नास हजारांच्या वर जाईल, आणि गाडी पंधरा दिवस तरी उभी राहील. ही गोष्ट मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली.

जूनमध्ये देवगोई घाटात गाडी नसणं म्हणजे काय, हे मोलगीकडच्या पाड्यांवर काम करणाऱ्यांना मी सांगायला नको. १०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते. डांबरापर्यंत बांबूच्या झोळीत माणूस आणायचा, आणि मधला कच्चा रस्ता असेल तिथे आपली जीप. पन्नास हजार ही रक्कम तर अशी की तेवढ्यात वसतिगृहाचं बरेच दिवसांचं धान्य येतं. पैसे पाठवणारी माणसं कोणी कारखानदार नाहीत. मंडळीतले निवृत्त शिक्षक, परिचारिका, पेन्शनवाले आहेत. म्हणून मामांना म्हटलं, इंजिन खोलण्याआधी दोन दिवस आपण स्वतः बघू.

पहिलं काम धुण्याचं. गळती शोधायची तर इंजिन स्वच्छ हवं, कारण ऑइल जिथे ठिबकतं तिथून ते निघालेलं नसतं. वरून निघतं, कडेकडेने खाली उतरतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं आणि शेवटी चेंबरच्या कोपऱ्यातून टपकतं. खाली पाहणारा चेंबरलाच दोष देतो. थंड इंजिनावर ब्रशने डिझेल लावलं, घासलं, कापडाने पुसलं. आल्टरनेटर आणि हवेच्या नळीचं तोंड प्लास्टिकने बांधून ठेवलं होतं. जोराच्या पाण्याने इंजिन धुण्याचा उत्साह कोणी करू नये, वायरिंगमध्ये पाणी गेलं की नवीन दुखणं सुरू होतं.

इंजिन पूर्ण वाळल्यावर मामींकडून अंगाला लावायची पावडर आणली. मुलं हसली. पण ही जुनी आणि चांगली युक्ती आहे. संशयाच्या जागांवर पावडर भुरभुरायची, इंजिन सुरू करून दहा मिनिटं चालू द्यायचं, आणि बंद करून बॅटरी घेऊन बघायचं. पांढऱ्यावर ऑइलची काळी रेघ स्वतःच वर बोट दाखवते. मात्र पंखा फिरत असताना गमछा, ओढणी, सैल बाही यातलं काहीही जवळ नको.

आमची रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात निघाली. म्हणजे दोनदा बदललेल्या पॅकिंगचीच जागा. इथे नवं पॅकिंग आणून तिसऱ्यांदा बसवणं सोपं होतं. पण मामांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. ते म्हणाले, "साहेब, पॅकिंग नवं आहे, कव्हर सरळ आहे, मग ऑइलला बाहेर ढकलतंय कोण?"

आता हे नीट ऐका, कारण सगळा मुद्दा इथे आहे. सिलिंडरमध्ये इंधन जळतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून खाली निसटतोच. नव्या इंजिनातही निसटतो. हा वायू इंजिनाच्या पोटात साठू नये म्हणून त्याला बाहेर पडायला एक नळी दिलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. आपल्या गाडीत ती टॅपेट कव्हरवरून निघून हवेच्या नळीला मिळते. ही नळी तुंबली तर वायू जाईल कुठे? पोटात दाब वाढतो, आणि जिथे सगळ्यात कच्चा सांधा असेल तिथून तो ऑइलला घेऊन बाहेर पडतो. तुम्ही तो सांधा बांधला की तो दुसरा शोधतो. डाळीच्या पातेल्यावर झाकण दाबून ठेवल्यासारखं आहे.

मामांनी इंजिन गरम करून मंद चालू ठेवलं, तोंड बाजूला केलं आणि ऑइल भरायची टोपी हळूच सैल केली. फुस्सकन हवा आली. त्यानंतर मात्र नुसता हलका धूर, एकसारखा. या दोन गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. साठलेली हवा एकदम आली, म्हणजे वाट बंद आहे. नंतर जोर उरला नाही, म्हणजे रिंगा अजून बऱ्या आहेत. टोपी काढल्यावरही हाताला जोराचे धक्के बसत राहिले, टोपी भोकावर नाचत राहिली, तर तिला गॅरेजमध्ये 'बॅक कंप्रेशन' म्हणतात, आणि तेव्हा इंजिन खोलण्याचा सल्ला खरा असतो. आपल्या गाडीत तो खरा नव्हता. गॅरेजवाल्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्याच्या दारात अकरा गाड्या उभ्या असतात आणि टोपी उघडून अर्धा मिनिट थांबायला त्याला सवड नसते.

नळी काढली. तिच्या खालच्या वळणात काळा, डांबरासारखा घट्ट गाळ. फुंकर मारली तर पलीकडे काहीच नाही. असा गाळ आपल्याकडे लवकर होतो, कारण आपली गाडी दिवसभर तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारते. इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी उडून जात नाही, ते ऑइलमध्ये मिसळतं. वर आपली धूळ. डिझेलमध्ये रात्रभर भिजवून, तारेला चिंधी बांधून नळी साफ केली. एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा: नळी पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाही. आत राहिलेलं डिझेल हवेबरोबर सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर डिझेल इंजिन आपोआप वेग घेतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

मग पॅकिंग. जुनं पॅकिंग खरवडायला बांबूची चपटी पट्टी केली होती, लोखंडी पात्याने ॲल्युमिनियमला ओरखडा पडतो आणि तो ओरखडाच पुढे गळतो. कव्हर उलटं करून काचेच्या तुकड्यावर ठेवलं, कडा कुठे उचललेली आहे का पाहिलं. पत्र्याची कव्हरं बोल्टजवळ वाकतात, ती लाकडावर ठेवून हलक्या हाताने सरळ करता येतात. सिलिकॉनची ट्यूब फक्त कोपऱ्यांना, पातळ. जाड थर लावणाऱ्याला वाटतं की आपण जास्त मजबूत काम केलं. पण दाबल्यावर तो आत येतो, तुटतो, चेंबरमध्ये जाऊन ऑइल पंपाच्या जाळीवर बसतो. गळती थांबते आणि इंजिनाला ऑइल मिळत नाही. बोल्ट मधल्यापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. वडील म्हणायचे, मनगटाचा जोर लाव, खांद्याचा नको. माहितीपुस्तकात बोल्टचा आकडा दिलेला असतो आणि टॉर्क रेंच असेल तर उत्तमच, पण आपल्याकडे तो नाही.

दुसऱ्या दिवशी बाजू कोरडी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी नाही वाजवल्या, त्यांनी जमिनीवर पुठ्ठा अंथरला.

पुठ्ठ्याची सवय सगळ्यांनी लावून घ्या. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवायचा, चाकांच्या जागी खडूने खूण करायची, सकाळी डाग बघायचे. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा. दाट, पिवळसर आणि उग्र वासाचा असेल तर गियर ऑइल. हिरवट किंवा रंगीत पाणी रेडिएटरचं. पातळ, जवळजवळ रंग नसलेलं आणि चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ते ब्रेकचं असू शकतं, तशी गाडी जागची हलवायची नाही.

आमच्या पुठ्ठ्यावर दोन डाग होते. एक ड्रेन नटच्या खाली. त्याचं तांब्याचं वायसर दर वेळी दाबलं जाऊन कडक होतं. नवं काही रुपयांना मिळतं, पण पावसात तालुक्याला कोण जाणार? मामींच्या चुलीत ते लाल होईपर्यंत तापवलं आणि पाण्यात टाकलं. लोखंड असं केल्याने कडक होऊ शकतं, तांबं मऊ होतं. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, पुढच्या ऑइल बदलाला तेच बसवलं, डाग गेला. त्याच वेळी फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर ऑइल धारेने जातं.

दुसरा डाग इंजिन आणि गियरबॉक्सच्या जोडाखाली आहे. तो अजूनही आहे. ते मागचं सील. ते बदलायला गियरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ते घरचं काम नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली आपल्यापैकी कोणीही शिरायचं नाही, दगड लावलेले असले तरी नाही, दगड फुटतात. रात्रभरात दोन-तीन थेंब पडतात. मी आणि मामांनी ठरवलं आहे की एवढं चालवून घ्यायचं, क्लचचं काम निघेल तेव्हा गियरबॉक्स उतरेलच, तेव्हा सीलही बदलू. समितीतल्या एकदोघांना हे पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, गळती ती गळतीच. मला वाटतं दोन थेंब आणि धार यांत फरक करता आला पाहिजे, फक्त मोजत राहायला हवं. दर दहा सेकंदांना एक थेंब पडला तर २४ तासांत ८,६४० थेंब होतात. तीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तरी पाव लिटरच्या वर. तिथवर जायच्या आत आपल्याला कळलं पाहिजे. ते ऑइल क्लच प्लेटवर गेलं तर गाडी नेमकी घाटाच्या चढावर घसरते.

आणि आता जळक्या ऑइलबद्दल, कारण हे मला गाडीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. ऑइल बदललं की पाड्यावरून कोणी ना कोणी बाटली घेऊन येतं. खांबाला वाळवी लागू नये म्हणून, बकरीच्या खरजेला लावायला. त्यांना दोष देत नाही, दुसरं औषध जवळ नसतं. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात, धातूचे कण असतात. बकरी अंग चाटते, मूल खांबाला टेकून बसतं. आपली गाडी उभी राहते त्या जागेच्या खालच्या उताराला पिण्याच्या पाण्याचा झरा आहे. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर ते डाग कुठे जात होते, याचा विचार करा. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ते नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. यापुढे आपण ते झाकणाच्या कॅनमध्ये साठवू आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जे रीतसर गोळा करतात त्यांच्याकडे देऊ. बाटली घेऊन आलेल्या आजीला नुसतं नाही म्हणून परत पाठवू नका. बकरीच्या खरजेचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतं, ते आणून द्यायचं काम आपलं.

गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघायची, पातळी आणि किलोमीटर लिहायचे. दोन खुणांच्या वर ऑइल भरायचं नाही. चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला तर जिथे आहात तिथे इंजिन बंद; तो दिवा दाब गेल्याचा असतो, आणि दाब गेल्यावर पुढच्या गावापर्यंत म्हणून कोणी जाऊ नये. जूनपासून आजपर्यंतच्या पानांवर वरून ओतलेलं ऑइल सगळं मिळून अर्धा लिटरही नाही.

मामांनी बॉनेट उघडून ठेवलं आहे. मुलांनी दोघे-दोघे करून या. ब्रीदरची नळी कुठून निघते आणि कुठे मिळते ते प्रत्येकाने हाताने दाखवायचं, त्यानंतर जेवण.