न फवारलेले ढग



विज्ञानातल्या नव्या शोधांवर बोला, असं मला सांगितलं गेलं. नवे शोध म्हटलं की नासा, जिनिव्हा अशी नावं येतात. मी मात्र आपल्या सोलापूरच्या आभाळाबद्दल बोलणार आहे.

मोसमी वाऱ्यांतलं बरंचसं पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर पडून जातं. आपण पर्जन्यछायेत आहोत. ढग येतात, दिसतात आणि न बरसता निघून जातात. म्हणूनच पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग सोलापुरात केला. विमान ढगाच्या तळाशी जायचं आणि कॅल्शियम क्लोराईडचे कण सोडायचं. हा क्षार ओल शोषतो. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र यावे लागतात. क्षाराभोवती मोठे थेंब तयार झाले की ते एकमेकांवर आदळून लवकर जुळतात.

विमान उडालं, पाऊस पडला. मग झालं सिद्ध? नाही. तो ढग एरवीही बरसला असता कदाचित. म्हणून शास्त्रज्ञांनी फवारणीला योग्य असे ढग आधी निवडले. त्यातल्या कोणत्या ढगात फवारायचं आणि कोणता तसाच सोडायचा, हे नाणेफेकीसारखं ठरवलं. मग दोन्ही गटांचा पाऊस मोजला. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. काही लोकांना ॲपमधलं नवं बटण दाखवतो, बाकीच्यांना जुनंच. तुलना केल्याशिवाय श्रेय घेता येत नाही.

२०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वारा वाहतो त्या दिशेच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर भागात सरासरी १८ टक्के, आणि काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत जास्त पाऊस. हे आकडे नीट वाचा. १०० चौरस किलोमीटर म्हणजे दहा बाय दहा किलोमीटर. आपला जिल्हा सुमारे १५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. आणि शून्याचे १८ टक्के शून्यच. ढगच नसेल तर विमान पाऊस आणू शकत नाही, आणि दुष्काळात नेमके ढगच कमी असतात.

तुलना विसरली की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. अमेरिकेत १९६२ ते १९८३ या काळात चक्रीवादळांत फवारणी करून ती कमजोर करण्याचा प्रकल्प चालला. काही वादळं मंदावलीसुद्धा. पुढे लक्षात आलं, की न फवारलेली वादळंही अशीच बदलतात.

१६ एप्रिल २०२४ ला दुबई बुडाली, तेव्हा आपल्यातल्या अनेकांचे नातेवाईक तिथे होते. ‘कृत्रिम पावसामुळे झालं’ असे मेसेज तुम्हालाही आले असतील. पण त्या वादळाचा अंदाज काही दिवस आधीच दिला गेला होता, आणि पुराने ओमानमध्येही माणसं दगावली. एवढी मोठी प्रणाली चार विमानांनी तयार होत नाही. हवा एक अंश तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. चिंता करायची तर याची करा.

पाऊस लांबला की आपण नमाज-ए-इस्तिस्का पढतो. मग हे प्रयोग म्हणजे अल्लाहच्या कामात ढवळाढवळ आहे का, असं काही जण विचारतात. मला तसं वाटत नाही. आपण विहीर खोदतो, शेततळं करतो, तसाच हाही प्रयत्न आहे. दुआ करणाऱ्याने मोजमाप सोडावं, असं कुठे आहे?

पुढच्या कोरड्या वर्षी कृत्रिम पावसाची मागणी पुन्हा होईल. खर्च आपल्याच पैशातून होईल. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात आपण तेव्हा चार प्रश्न विचारले पाहिजेत. योग्य ढग आहेत का? तुलना कशाशी करणार? आकडे लोकांसमोर ठेवणार का? आणि तेवढ्याच पैशात गळक्या पाइपलाइन दुरुस्त केल्या, तर जास्त पाणी मिळेल का?

हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.