सुरतेचा उकाडा

खानदेशातून सुरतेस आलेला यंत्रमाग-कामगार म्हणतो, "जळगावचे ऊन सोसलेल्या मला येथल्या उन्हाचे काय भय?" या विश्वासातच धोका आहे. जळगावची उन्हाळी हवा कोरडी. तेथे घाम सुकतो आणि अंग निवते. सुरत समुद्राजवळची, तापीकाठची. येथील दमट हवेत घाम सहजी सुकत नाही. म्हणून पारा थोडा खाली असला तरी जिवाची तगमग होते. लिंबायत-उधन्यातील पत्र्याच्या खोल्या रात्रीही निवत नाहीत. झोप मोडते, मन चिडते, क्षुल्लक कारणावरून भांडण पेटते. तो स्वभावदोष नव्हे, उष्म्याचाही परिणाम असू शकतो, हे घरच्यांनी ओळखावे.

तहानेची वाट न पाहता पाणी, ताक घ्यावे. दुपारी सावलीत विसावा घ्यावा. सोबती असंबद्ध बोलू लागला वा त्याची शुद्ध हरपली, तर १०८ क्रमांकावर कळवून त्यास सावलीत न्यावे, अंग भिजवून वारा घालावा. बेशुद्धाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.

२०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादेने २०१३ मध्ये उष्मा-कृतियोजना आखली. योजना नगरपालिका आखील. पण एकट्या वृद्ध शेजाऱ्याचे दार ठोठावणे, हे काम आपलेच आहे.